भार कोणी उचलायचा? सदाशिव पेठेतल्या भिंतींची अडीचशे वर्षे

दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी एक सुटी खोली घ्या. आतली मोकळी जागा १२० चौरस फूट. तिच्याभोवती जुन्या वाड्याला असे तशी अडीच फूट जाडीची भिंत घातली, तर बाहेरून माप भरते १५ बाय १७, म्हणजे २५५ चौरस फूट. त्यातले १३५ चौरस फूट नुसत्या भिंतींनी खाल्ले. खोलीपेक्षा भिंतीच जास्त! तीच खोली सहा इंची भिंतीत बसवली, की बाहेरचे माप १४३ चौरस फुटांवर येते आणि भिंतींच्या वाट्याला अवघे २३ उरतात. सदाशिव पेठेत जागेचा भाव चौरस फुटावर होऊ लागला, तेव्हाच जाड भिंतीचे दिवस भरले.

पण भिंत बारीक होण्याला नुसता भाव कारणीभूत नाही. पक्के घर म्हटले की पेठेतल्या जुन्या माणसांना भरीव, गार, खिळा ठोकायला गेले तर हातोडी परतवणारी भिंत आठवते. अशी भिंत म्हणजे थेट पेशवाईचा वारसा, असाही समज आहे. बांधकामाचा इतिहास जरा वेगळे सांगतो. पेशवाईतल्या वाड्याचे मजले मुख्यत्वे लाकडी खांबांनी पेलले होते आणि आजच्या इमारतीचे मजले आरसीसीचे खांब पेलतात. भिंतीनेच मजले पेलायचे, असे घर पेठेत रुळले ते या दोहोंच्या मधल्या काळात, आणि टिकले जेमतेम तीन पिढ्या. भिंत कशाची बांधायची हा प्रश्न इथे प्रत्येक वेळी दुसऱ्या एका प्रश्नाच्या मागून आला : भार कोणी उचलायचा?

पेठेला नाव आहे ते १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे. पुणे तेव्हा नदीकाठच्या कसब्यातून दक्षिणेकडे सरकत होते. शहरातून वाहणारा आंबिल ओढा नानासाहेब पेशव्यांनी वळवला, कात्रजच्या तलावांतले पाणी दगड-चुन्याच्या बंदिस्त नळातून शहरात आणले आणि हौदांच्या आधाराने नव्या पेठा वाढत गेल्या. पाणी पिण्याइतकेच बांधकामालाही लागते. चुना विरवायचा, माती मळायची, विटा थापायच्या, तर हौद जवळ हवा.

हाताशी असलेला पहिला माल म्हणजे काळा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर थिजून दख्खनचा हा कातळ झाला. पुण्यात कुठेही पाया खणा. माती, मग मुरूम आणि त्याखाली कातळ. हा दगड पाणी फारसे पीत नाही, दाबाखाली सहजी फुटत नाही, पण घडवायला महाकठीण. पाथरवटाने छिन्नी चालवून एकेक चिरा चौकोनी करायचा, त्याच्या कडा सुतात आणायच्या, म्हणजे दिवसच्या दिवस जात. म्हणून घडीव दगड जिथे त्याच्यावाचून चालत नाही तिथेच बसे : पाया, जोते, दिंडीदरवाजाच्या बाजू, खांबांखालचे तळखडे. जमिनीची ओल आणि पावसाचे उडणारे पाणी जोत्याच्या चिऱ्यांवर अडले, की वरची भिंत कशाचीही चालत असे.

आणि ती बहुधा मातीची असे. गावठाणाच्या जुन्या वस्तीची पांढरी माती चिकट, बारीक कणांची, मळली की लोण्यासारखी होणारी. तिच्यात भुस्सा किंवा तूस घालून, पाणी सोडून, पायांनी तुडवून गारा करायचा आणि काही दिवस मुरू द्यायचा. त्याच गाऱ्यात कच्च्या विटा किंवा ओबडधोबड दगड लावत भिंत उठवायची. ज्याच्याकडे पैसा अधिक तो दर्शनी भागाला आणि तळमजल्याला पातळ, चपट्या भाजक्या विटा वापरी आणि त्या चुन्यात बसवी. आतल्या आणि वरच्या मजल्यांच्या भिंती मातीच्याच. एकाच वाड्यात, एकाच भिंतीत, खाली चिरा, मधे वीट आणि वर पांढरी, असा उतरता क्रम सहज दिसे. मालकाची ऐपत जोत्यापासून किती उंच गेली, ते गवंड्याला बाहेरूनच कळत असणार.

हे सगळे उभे राही ते लाकडाच्या जोरावर. तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर मातीचा थर. खांब चौकाभोवती उघडे दिसत, तसेच ते भिंतीच्या पोटातही पुरलेले असत. भिंतीचे काम ऊन, वारा, चोर आणि शेजारी यांना बाहेर ठेवण्याचे. जाड असल्यामुळे तिला आणखीही कामे लागत. देव्हाऱ्याची देवळी, पणतीचा कोनाडा, दप्तरांचे फडताळ, क्वचित वर जाणारा अंधारा जिनासुद्धा भिंतीच्या पोटात मावे. एप्रिलमध्ये पुण्याचे दिवसाचे तापमान ३८ अंशांवर जाते आणि पहाटे विशीत येते. दोन-अडीच फूट माती तापायलाच दिवस मावळतो, त्यामुळे माजघर दुपारी गार आणि रात्री किंचित उबदार राही.

चुना हा यातला महाग भाग. काळ्या जमिनीत आणि ओढ्यांच्या काठांवर सापडणारे चुनखडीचे खडे भट्टीत भाजायचे, पाण्यात विरवायचे आणि वाळूसह घाणीत मळायचे. घाणी म्हणजे दगडी गोल चर, तीत फिरणारे दगडी चाक आणि चाकाला जुंपलेले बैल. चुना जितका मळला जाई तितका तो चिवट होई. त्यात गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर, गिलाव्यासाठी तागाचे तुकडे, अशी भर पडे. दख्खनी चुनखडीत मातीचा अंश असतो, त्यामुळे भाजल्यावर ती ओलीतही थोडीफार घट्ट होते. बाकीचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून वर्षानुवर्षे पुन्हा दगड होत जातो. घट्ट व्हायला वेळ घेतो म्हणूनच तो भिंतीची बारीकसारीक हालचाल सोसतो आणि आतली ओल बाहेर सोडतो.

हे काम एका हाताचे नव्हतेच. दगड फोडणारे वडार, घडवणारे पाथरवट, चुना भाजणारे लोणारी, विटा पाडणारे कुंभार, भिंत चढवणारे बेलदार-गवंडी आणि सांगाडा उभा करणारे सुतार, अशी जातवार वाटणी होती. वाड्याची योजना सुताराच्या हिशेबावर चाले. खांबांच्या दोन रांगांमधले अंतर, म्हणजे खण, किती घ्यायचे हे सागाच्या लांबीवर ठरे आणि मग गवंडी भिंती भरी. घर किती मोठे, तर इतक्या खणांचे, असे सांगण्याची रीत त्यामुळेच पडली.

याचा सर्वांत मोठा नमुना पेठेपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी, आणि खर्च नोंदला गेला १६,११० रुपये. साग जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीच्या भागातून आला. तटाच्या खालच्या भागात दगड आणि वर वीट आजही डोळ्यांना दिसते. संपूर्ण दगडी वाडा बांधण्याचा मान फक्त छत्रपतींचा, अशी हरकत साताऱ्याहून आली म्हणून वर वीट आली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी मिश्र बांधणीचा हिशेब सरळ आहे : दगड वर चढवणे महाग, वीट हलकी. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतले महाल जळाले आणि उरली ती जोती, हौद, कारंजी आणि तट. लाकूड गेले आणि त्याबरोबर घर गेले.

सदाशिव पेठेच्या वाट्याला आलेला राजवाडा म्हणजे विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाने सुमारे दोन लाख रुपये खर्चून बांधलेला हा वाडा १८०७ मध्ये पुरा झाला. सुरूच्या आकाराचे कोरीव खांब आणि रस्त्यावर आलेला लाकडी सज्जा पाहायला लोक येतात. त्यामागच्या विटांकडे कोणी बघत नाही. १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. १८७९च्या मे महिन्यात बुधवारवाड्याबरोबर यालाही आग लावण्यात आली; बुधवारवाडा नामशेष झाला, विश्रामबागेचा पूर्वेकडचा भाग जळाला आणि नंतर पुन्हा बांधला गेला. पुढे बरीच वर्षे शहराची नगरपालिका इथूनच कारभार पाहत होती.

इंग्रजी अमदानीत भाराचा प्रश्न नव्याने निघाला. १८७८च्या वनकायद्याने जंगले सरकारी झाली. लांब, सरळ सागवान मिळवणे पूर्वीसारखे राहिले नाही. रेल्वे मात्र लोखंडी तुळया घेऊन आली. सरकारी इमारती काळ्या दगडात उठू लागल्या : १८६८ मधले डेक्कन कॉलेज, १८८६ मधली रे मार्केट म्हणजे आजची महात्मा फुले मंडई. या कामांनी दगड-चुन्याचे कंत्राटदार तयार केले. ज्यांचे नाव मंडईला मिळाले ते जोतीराव फुले स्वतः या धंद्यात होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, म्हणजे नगरपालिकेचे सदस्य, अशी करून दिली होती.

१८९७च्या प्लेगने घराच्या पोटात हात घातला. रँडच्या पथकांनी केलेली झडती आणि सामानाची जाळपोळ पुण्याने विसरलेली नाही. त्याच मोहिमेत घरांचे निर्जंतुकीकरण आणि भिंतींना चुन्याची सफेदी, हेही सक्तीचे होते. उंदरांवरच्या पिसवांमधून रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँने १८९८ मध्ये दाखवले. मातीच्या जाड भिंती आणि मातीच्या जमिनी उंदरांना बिळांसाठी सोयीच्या, हे नंतर कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात पेठेतली नवी घरे भाजक्या विटेची झाली. तळमजल्याला दीड विटेची, म्हणजे चौदा इंची भिंत, वर एक विटेची, म्हणजे नऊ इंची, आणि आतली पडदी अर्ध्या विटेची. मजल्याचे वजन तुळयांतून थेट भिंतीत आणि भिंतीतून पायात. ‘लोडबेअरिंग’ हा शब्द तेव्हापासून पुण्याच्या गवंड्यांच्या तोंडी बसला आहे. अशा घरात खिडकी कुठे काढायची हे मालकाने मनात येईल तसे ठरवून चालत नाही, आणि आतली भिंत पाडायची तर आधी वरच्या मजल्याला टेका द्यावा लागतो. ओळंबा जरा चुकला की वजन कलते. विटांचे सांधे एकावर एक आले की भिंत उभी चिरते. या काळातल्या गवंड्याला खऱ्या अर्थाने भिंत बांधता येणे भाग होते, कारण चूक झाकायला खांब नव्हता.

त्याच सुमारास सिमेंट आले. पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ मध्ये भारतीय सिमेंट बाजारात येऊ लागले. पण ते चुन्याची जागा झटक्यात घेऊ शकले नाही, कारण महाग होते आणि स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे सरकारी नियंत्रणाखाली होते. परमिटाशिवाय पोते मिळत नसे. सिमेंटच्या वाटपावरून झालेल्या गदारोळात मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये पायउतार व्हावे लागले. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्ण. तोवर पुण्यातली कितीतरी मध्यमवर्गीय घरे चुना-सिमेंटच्या मिश्र मालाने निभावली.

१२ जुलै १९६१ या तारखेने मात्र मातीच्या भिंतीवरचा विश्वास उडवला. सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे दगडी धरणही टिकले नाही आणि पाणी शहरात शिरले. नारायण, शनिवार, कसबा या नदीलगतच्या पेठांमधले वाडे तासन्‌तास पाण्यात उभे होते. पांढऱ्या मातीची ताकद कोरडेपणात असते. ती भिजली की दगड आणि विटा यांना धरून ठेवणारे काही उरत नाही; तळाची भिंत बसते आणि वरची तिच्यावर येते. पाणी ओसरल्यावरही घरे कोसळत राहिली. सदाशिव पेठेचा बराचसा भाग उंचावर असल्याने वाचला, पण धडा सगळ्या गावाने घेतला. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरासारख्या वसाहती उठल्या आणि ‘मातीत बांधलेले’ हे विशेषण घराचा भाव पाडणारे ठरले.

वाड्यांना त्याआधीच दुसरी कीड लागली होती. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. वाडा भाडेकरूंनी भरलेला आणि हातात येणारी रक्कम इतकी कमी की गिलावा काढून पुन्हा करण्याचा खर्चही निघेना. मातीच्या भिंतीला दर पावसाळ्याआधी डागडुजी लागते. कौल फुटले तर ते त्याच आठवड्यात बदलावे लागते, नाहीतर पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरते. ही देखभाल थांबली आणि वाडे आतून पोकळ झाले. अनेकांनी भेगांवर सिमेंटचा गिलावा मारला. त्याने वरून घर टणक दिसले, पण आतली ओल अडकली आणि माती आणखी लवकर सुटली. वाड्यांच्या जागी इमारती आल्या. खांब पुन्हा परतला, या वेळी आरसीसीचा. भिंत पुन्हा खांबांमधली भरती झाली.

जाड भिंत म्हणजे सुरक्षित भिंत, हा उरलेला समज ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत गेला. लातूर-उस्मानाबाद भागातल्या त्या भूकंपाची तीव्रता ६.२ होती आणि सुमारे आठ हजार माणसे दगावली. घरांच्या भिंती दोन-तीन फूट रुंद, दगडाच्या, पण मातीत लावलेल्या. आतली आणि बाहेरची बाजू सुटी, मधे दगडगोटे आणि दोन्ही बाजूंना आरपार बांधणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादरा बसताच भिंतीचे दोन पापुद्रे वेगळे झाले आणि माळवदाखाली झोपलेल्यांवर आले. अनेक घरांत लाकडी खांबांचा सांगाडा उभा राहिला होता. माणसे गेली ती भिंतीच्या वजनाने. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली घराला कमरपट्ट्यासारखे आवळणारे आरसीसी पट्टे हवेत, ही शिफारस भारतीय मानकांत आधीपासून होती. किल्लारीनंतर ती गावोगावच्या गवंड्यांपर्यंत पोचवण्याचे काम सुरू झाले.

वजनाचा हिशेब पेठेतल्या इमारतीलाही लागू आहे. दहा फूट लांब, दहा फूट उंच भिंत दोन फूट जाडीच्या दगडात बांधली तर तिचे वजन साधारण १३ टन होते. नऊ इंची विटेची चार टन. सहा इंची सच्छिद्र हलक्या ठोकळ्याची एक टनाच्या आत. हा ठोकळा म्हणजे एएसी ब्लॉक. सिमेंट, चुना, वाळू किंवा राख यांच्या मिश्रणात अॅल्युमिनियमची पूड टाकून ते फुगवतात आणि वाफेच्या दाबाखाली पक्के करतात. शोध १९२०च्या दशकातला, स्वीडनचा. पुण्याला त्याची ओळख फार आधी झाली, कारण मुंढव्याच्या बी. जी. शिर्के उद्योगाने १९७०च्या दशकातच स्वीडिश तंत्राने सिपोरेक्सचे उत्पादन सुरू केले. कोणत्याही कंपनीचा हलका ठोकळा असो, पुण्यातला गवंडी त्याला आजही सिपोरेक्सच म्हणतो.

२०१६च्या रेरा कायद्याने बारीक भिंतीची बाजू आणखी भक्कम केली. चटई क्षेत्रात आतल्या पडद्या धरल्या जातात, बाहेरच्या भिंतींनी व्यापलेली जागा नाही. बाहेरची भिंत नऊ इंचांवरून सहा इंचांवर आणली की वाचलेली जागा विकता येते. दरम्यान नदीच्या वाळूउपशावर निर्बंध आले आणि पुण्याच्या बांधकामात ‘क्रश सँड’ रुळली. ती बनते खाणीतला काळा दगड दळून. चिऱ्याच्या रूपात जोत्यापर्यंतच पोचलेला दख्खनचा कातळ आता काँक्रीटमधून, मालातून आणि गिलाव्यातून अगदी वरच्या मजल्यापर्यंत गेला आहे.

आज पेठेत वाडा पाडून इमारत बांधणाऱ्यांपुढे निवड तीन-चार मालांचीच आहे. भाजकी वीट जड आहे, पण खिळा धरते, ओल सोसते आणि कोणत्याही गवंड्याला लावता येते. न्हाणीघर आणि बाहेरच्या भिंतींसाठी ती अजूनही भरवशाची. हलका ठोकळा उष्णता अडवण्यात विटेपेक्षा कितीतरी सरस, पण पाणी शोषतो. आरसीसी खांबाला तो जिथे भिडतो तिथे जाळी न लावता गिलावा केला, तर पहिल्याच उन्हाळ्यात उभी भेग पडते. राखेची वीट आणि भरीव काँक्रीट ठोकळा स्वस्त पडतात. त्यांना पुरेसे पाणी मारून मुरवले आहे का, हे पाहावे लागते. पाच-सहा मजल्यांसाठी भार खांबांनीच उचलायचा, यात वाद नाही. स्वतःच्या मोकळ्या जागेवर एक-दोन मजली घर बांधायचे असेल, तर मात्र नीट पट्टे घातलेली नऊ इंची विटेची भिंत आजही मागासलेली निवड नाही.

एक काम मात्र लगेच करण्यासारखे आहे. वाडा उतरवताना सागवानी खांब आणि कोरीव दरवाजे विकले जातात, भिंती मात्र डंपरमध्ये जातात. माती कोणत्या थरांची होती, वीट किती जाड होती, चुना कुठपर्यंत चढला होता, पुरलेले खांब कुठे होते, ही माहिती तोडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काही तास असते आणि मग कायमची जाते. वाड्याच्या मालकांनी आणि विकसकांनी पहार लावण्याआधी भिंतीचा एक उभा छेद मोजून घ्यावा, छायाचित्रे काढावीत आणि मजल्यागणिक एकेक वीट बाजूला ठेवावी. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच पेठेत जुनी कागदपत्रे सांभाळत आले आहे. पेठेतल्या घरांच्या भिंतींचीही अशी नोंद एका ठिकाणी व्हायला हवी, आणि ती करायला वाडे उभे आहेत तोवरचीच मुदत आहे.